रांगेतली कळशी

बस, चारुता. अशी उंबऱ्यात उभी राहू नकोस, आत ये. त्या दिवशी तुझी बादली मी लाथेनं उडवली, भर रस्त्यात तुझ्यावर खेकसले, तेव्हापासून तू जिन्यात तोंड फिरवून जातेस. बरोबर आहे तुझं. समोरच्या दारातली काकू अशी अंगावर आली असती तर मीही बोलले नसते. पण आज ऐकून घे. हे आताच अंघोळीला गेलेत. पाणी अर्धी बादली, पण गाणी तासभर. तेवढ्यात माझं सांगून होईल.

थांब, आधी घोटभर पाणी पिते.

खाली उभी आहे ना, ती पांढरी गाडी, तिचं खूळ आलं ऑस्ट्रेलियातून. गाडी इथलीच, कुठल्याशा शाळेची जुनी मिनीबस. खूळ मात्र अस्सल परदेशी. गेल्या वर्षी आमच्या सुयशनं आणि हिमानीनं आम्हा दोघांना ॲडलेडला बोलावलं आणि कॅराव्हानमध्ये घालून फिरवलं. चाकांवरचं घर गं. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. दिवसभर रस्ता तुडवायचा आणि संध्याकाळी दिसेल त्या माळावर गाडी लावून झोपायचं. ते लोक त्याला फ्री कँपिंग म्हणतात. लॉज नको, भाडं नको, कुणाला विचारायला नको. तांबडी माती, पांढऱ्या खोडांची झाडं, आणि मैलोन्‌मैल माणूस म्हणून दिसत नाही. तुझे काका तर अगदी पोर झाले होते. भूगोलाचे मास्तर, जन्मभर भिंतीवरचे नकाशे दाखवले, तिकडं जाऊन स्वतःच नकाशात शिरले.

मला विचारशील तर मला तिथला नळ आठवतो. ओसाड माळावर एक नळ असायचा. उघडला की पाणी. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. मला बाई भरताना चोरी केल्यासारखं व्हायचं, सारखी मागं वळून बघायची. हिमानी हसायची, "आई, कोणी नाहीये मागे." नाहीये म्हणे! आठवड्यातनं एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावात जिनं संसार केला, तिला हे सांगत होती.

रांगेचं मला कुणी शिकवू नये. पोस्टात खिडकीमागं नोकरी केली, म्हणजे लोकांच्या रांगा लावल्या. आणि खिडकी बंद करून बाहेर पडले की स्वतः रांगेत. रॉकेलची, रेशनची, गॅसची, सुयशच्या बालवाडीची, टँकरची. आमचे हे, वैजनाथराव, कधी रांगेत उभे राहिलेले कुणी पाहिले असतील तर त्याला मी माझ्या हातचे पेढे चारीन. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "भानू, तू हो पुढं, मी आलोच." आलोच म्हणजे पाणी भरून, हंडे जिन्यातून वर आणून, मी पदरानं तोंड पुसत असायची तेव्हा.

हे तिकडनं परत आले ते डोक्यात तेच खूळ घेऊन. चिकलठाण्याच्या एका गॅरेजात ती मिनीबस महिनोन्‌महिने पडून होती. बाकं काढली, फळ्यांचा पलंग ठोकला, टपावर पाण्याची टाकी बसवली, पांढरा रंग मारला. मी म्हटलं, "अहो, यंदा दुष्काळ. जनावरं छावणीत बांधलीत आणि आपण सहलीला निघायचं?" तर म्हणे, "ऑस्ट्रेलियात तरी काय, कायमचाच दुष्काळ आहे." आता या माणसापुढं कुणी डोकं फोडून घ्यावं!

निघालो. हर्सूल सोडलं आणि यांनी शीळ घालायला सुरुवात केली. फुलंब्रीला चहाला थांबलो तर दोन म्हाताऱ्या गाडीच्या दाराशी येऊन उभ्या, "डोळे फुकट तपासता का?" सिल्लोडला एकानं विचारलं, "प्रचाराची गाडी का? कोणाची?" मी हसून हसून बेजार. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कधी निघालोच नव्हतो. सुयशची शाळा, सासूबाईंचं दुखणं, यांच्या परीक्षा, काही ना काही असायचंच.

अजिंठ्याचा घाट उतरून सोयगावच्या अंगानं आत वळलो. यांना मुक्कामाला जागा हवी होती, अगदी तिकडच्यासारखी, माणूस नसलेली. तशी मिळालीही. एक लहानसा पाझर तलाव, पार कोरडा, तळाच्या मातीला भेगा. काठाला दहाबारा घरं, एकालाही छप्पर नाही. एक लिंबाचं झाड. ऊन अगदी डोक्यावर आलेलं. मी खाली उतरले आणि मला काय खटकलं ते लगेच कळेना. मग कळलं. आवाज नव्हता. कावळा नाही, होला नाही, किडा नाही.

आणि त्या लिंबापासून रस्त्यापर्यंत घागरींची रांग लागलेली.

आता तूच सांग, आपल्याकडं यात काय नवल? टँकर यायचा असला की भांडी रांगेत लावायची आणि माणसांनी सावलीला जाऊन बसायचं. भांडं म्हणजेच माणूस. दुसऱ्याच्या भांड्याला कुणी हात लावत नाही, लावला तर डोकी फुटतात. तांब्याची घागर होती, ॲल्युमिनियमचे हंडे होते, तेलाचे कॅन होते, एक धनगरी चामड्याची पखाल होती, ट्रकवाल्यांचं असतं तसं निळं पिंप होतं. फक्त सावलीत माणसं नव्हती. आणि भांड्यांवर धूळ होती, रोजच्या वापरातल्या भांड्यावर बसते तशी नाही, जाड, सायीसारखी.

मी हे बघेपर्यंत आमचे हे गाडीतनं कळशी घेऊन उतरले. "टँकर यायचा दिसतोय भानू. आपली टाकीही निम्मी झालीय. नंबर लावून ठेवतो." आणि गेले, आणि त्या रांगेच्या शेवटी कळशी ठेवून आले, हात झटकत.

चारुता, तुला खरं सांगू? मला इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, "अगं बाई, आज सूर्य कुणीकडं उगवला! मास्तरांनी नंबर लावला!" हे हसले. "इतकी वर्षं तू लावलेस. एक माझा." तेच ते. त्या एका वाक्यावर मी इतकी खूश झाले की भांड्यांवरची धूळ विसरून गेले.

कळशी आमच्या लग्नातली. माझ्या मामानं दिलेली, स्टीलची, पोटावर नावं कोरलेली, "चि. वैजनाथ व चि. सौ. कां. भानुमती यांस". ते ध्यानात ठेव.

दशम्या खाल्ल्या, गाडीत आडवे झालो. उठलो तेव्हा ऊन कललेलं, आणि बाहेर रांग नाही. एक भांडं नाही. आमची कळशीही नाही! मी जो काय तोंडाचा पट्टा सोडला त्या गावावर! मेल्यांनो, टँकर आला तर आलेल्या पाहुण्याला उठवायचं सोडून भांडं लांबवता? हे म्हणाले, "कुणावर ओरडतेस? इथं आहे कोण?" तेही खरंच.

परतीच्या रस्त्याला एक म्हातारी हात करत होती. चंपाबाई नाव, सोयगावच्या नाक्यापाशी राहते म्हणाली. घेतली गाडीत. पाणी दिलं. गप्पाटप्पा चालल्या होत्या, मी आमच्या चोरीचं गाऱ्हाणं सांगायला लागले तशी तिनं हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या वाडीत दोन हजार बारा सालापासनं कोनी ऱ्हात नाय, बाई. कसली रांग?" मी सांगितलं, घागरींची. तिनं यांच्याकडं बघितलं. "मास्तर, तुमी नंबर तर नाय ना लावला?"

"लावला की," हे म्हणाले.

"गाडी थांबवा. मला हितंच उतरवा."

मधल्या माळावर उतरली, आणि चालायला लागली. मागं वळून बघितलं नाही. पाण्याचा पेला तसाच भरलेला ठेवून गेली. दुष्काळात कुणी भरला पेला टाकून जात नाही गं.

थांब, पाणी पिते. तू घेतेस? नको? बरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर अजिंठ्याच्या बाजूला डोंगराच्या कडेला गाडी लावली होती. हे सकाळपासून पाणी पीत होते. मी म्हटलं, उन्हाळा आहे, पितील. माध्यान्हीच्या सुमारास मी खरकटं टाकायला गाडीच्या मागं गेले, आणि तिथं रांग. तीच. तांब्याची घागर, हंडे, पखाल, निळं पिंप, आणि शेवटी आमची कळशी. मातीत असं दाबून बसलेलं सगळं, की वाटावं वर्षं झाली तिथं आहे.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? कळशी उचलायला गेले. हललीसुद्धा नाही. यांना हाक मारली, दोघांनी मिळून धरली, ओढली. जमिनीतनं उगवल्यासारखी घट्ट. स्टीलची रिकामी कळशी! हे म्हणाले, "उन्हाचा त्रास आहे हा, भास होतो, याला शास्त्रात..." आणि थांबले. कारण हॉर्न वाजला.

टँकरचा हॉर्न तुला सांगायला नको. आणि त्यामागनं तो आवाज, अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळत येतं तो. धूळ उठली, आमच्या अंगावरून गेली, डिझेलचा वास आला. टँकर नाही. काहीच नाही. धूळ बसली तेव्हा रांगेतली सगळ्यात पुढची तांब्याची घागर नव्हती. ती होती तिथं जमिनीवर एक ओला गोल होता. मी बघत असतानाच तो सुकला. आणि बाकीची भांडी एकेक जागा पुढं सरकलेली. सरकताना मी पाहिली नाहीत. पण सरकलेली होती.

"घरी चला," मी म्हटलं. त्या दिवशी यांनी एका शब्दानं वाद घातला नाही.

मग इथं आलो, आणि पुढचं तू थोडंफार पाहिलंस. यांचे ओठ फुटले. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. तांब्यामागून तांब्या पाणी, तरी "भानू, पाणी". डॉक्टरनं साखर तपासली, किडनी तपासली, सगळं ठणठणीत. सलाईन लावली. बाटली संपायची आणि हे म्हणायचे, अंगात गेलंच नाही काही. सुयश रोज फोनवर, "बाबा, पाणी प्या, उन्हाळा आहे." अरे बाबा, दुसरं करतायत काय ते! आणि रोज माध्यान्हीला खाली, गाडीच्या मागं, आपल्या डांबरी रस्त्यावर रांग. रोज एक भांडं कमी. रोज आमची कळशी एक जागा पुढं, आणि हे तेवढेच वाळलेले. मला काही कुणी समजावून सांगायला नको होतं. पोस्टात पुढचा माणूस हलला की मागच्याचा नंबर येतो, एवढंच ते होतं.

आणि मेलं कॉलनीत कुणाला काही वाटतच नव्हतं! वाटणार कसं? आपल्याकडं घागरींची रांग दिसली तर कोण घाबरतं? जो तो विचारत होता, "काकू, आज टँकर आहे का?" मी "नाही" म्हणायचे. त्या दिवशी मी खिडकीतनं बघते तर तू बादली घेऊन निघालेली, पायात चप्पल अर्धी, रांगेच्या शेवटी ठेवायला. मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. तुझी बादली जमिनीला टेकायला वीतभर राहिली होती, चारुता. वीतभर. म्हणून लाथ मारली. तुझं लेकरू अजून अंगावर पितंय.

रडू नकोस. ऐक पुढं.

त्याच दिवशी मी डोकं चालवलं. म्हटलं, भांड्याला पाणी हवंय ना? घ्या. यांची कळशी आधी भरायला गेले. नंबर मोडला म्हण. गाडीच्या टाकीची नळी लावली तर धार कळशीच्या तोंडावरनं बाहेरच्या बाहेर, आत थेंब नाही. म्हटलं बरं बाई, कायद्यानं घ्या. पहिल्या हंड्यात नळी सोडली. हंडा केवढा, दोन बादल्यांचा. टपावरची अख्खी टाकी त्यात गेली. खालनं कुठं गळत नव्हतं. वाकून बघितलं तर तळाला ओलसुद्धा नाही. आतनं मात्र गार वारा आला, आणि कुणीतरी घटाघटा पिऊन दम टाकावा तसा आवाज. मी नळी तिथंच टाकली आणि वर पळाले.

वरच्या मजल्यावरच्या अप्पारावांना यांच्याजवळ बसवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं सोयगावला गेले. चंपाबाईला शोधायला वेळ लागला नाही. नाक्यावर पत्र्याची खोली, दारात दोन शेळ्या. मला बघून म्हणाली, "मला वाटलंच व्हतं." तांब्या भरून पुढं केला. घरात पाण्याचा एकच माठ होता तिच्या. मी अर्धा तांब्या प्यायले.

"मावशी, उतरून का गेलात?"

"भेवाटले. लागट असतं ते, एकाचं दुसऱ्याला लागतं." मग शेळीच्या पाठीवरनं हात फिरवत सांगायला लागली. "बारा साल लई वंगाळ व्हतं, माय. टँकर आज येतो, उद्या येतो. सारी वाडी भांडी लावून बसायची. टँकर निघायचे, पर रस्त्यातनंच शहराकडं वळायचे. तिकडं नव्या कॉलन्या बसत व्हत्या म्हन. हितं मान्सं रांगेतच पडली. उन्हानं. जी उरली ती वाडी सोडून गेली. पर मेलेल्याचं भांडं रांगेतनं काढनार कोन? ज्याचं त्यानंच उचलायचं असतं. तशीच ऱ्हायली."

आपली कॉलनी त्याच साली बसली, चारुता. त्या आधी इथं ज्वारीची रानं होती. पहिल्या उन्हाळ्यात रोज टँकर यायचा, दारात, हॉर्न वाजवत. मी तिला काही बोलले नाही. पण तिनं मी राहते कुठं हे गाडीतच विचारलं होतं.

"आता तर नवीन भांडी आहेत त्यात," मी म्हटलं. "पखाल, पिंप."

"लावतं कोनी ना कोनी. धनगर, टरकवाला. आपल्या मुलखात रांग दिसली की हात ऐकत नाय."

"सोडवायचं कसं?"

मग मी तिच्या पायांना हात लावला. बाई, माझा माणूस घरी वाळतोय, मला सांगा.

"म्या जित्ती कशी, ते नाय इचारलं तू," ती म्हणाली. "माझीच घागर व्हती रांगेत. मला घेरी आली. मोतीराम म्हनला, माझा मालक, तू जा सावलीला, तुझ्या जाग्याला मी हाय. रांगेत घरचं मानूस जागा धरू शकतं, येवढा कायदा हाय. दुसरं कोनी नाय. घागरीला हात लावून म्हनला, आता मी हाय, हिला जाऊ द्या. म्या लिंबाखाली गेले आन मला झोप लागली." तिनं डोळ्याला पदर लावला नाही. "उठले तवा घागर नव्हती. तो तिथंच आडवा. ओला गोल व्हता, त्याच्यावर म्या हात ठेवला. लई गार व्हता."

मी उठले. ती म्हणाली, "पोरंबाळं हायेत का?" मी म्हटलं, एक आहे, लांब आहे, सुखात आहे. ती म्हणाली, "मग जा."

परत येताना एसटीत मी खूप चिडले होते, सांगू का? देवावर, टँकरवाल्यांवर, त्या ऑस्ट्रेलियावर, आणि सगळ्यात जास्त यांच्यावर. साठ वर्षं रांगेत उभा न राहिलेला माणूस, उभा राहिला तो नेमका इथं! हौस म्हणून! आणि मग सिल्लोडच्या पुढं मला एकदम आठवलं, "इतकी वर्षं तू लावलेस. एक माझा." आणि मी तोंडात पदर कोंबून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाच्या मातीला चाललात का?

काल माध्यान्हीला खाली गेले. निळं पिंप पुढं, त्याच्या मागं आमची कळशी. बस्स, एवढंच उरलं होतं. वर यांना पाणी गिळता येईनासं झालं होतं, कापसानं ओठ ओले करत होतो. मी पदर खोचला. कळशीवर हात ठेवला, बरोबर माझ्या नावावर. नाव तर होतंच की माझं, मामानं तेव्हाच कोरून ठेवलेलं. खणखणीत आवाजात म्हटलं, खिडकीतनं बोलायचे तशी, "यांना जाऊ द्या. आता मी आहे."

दोघांना मिळून हलली नव्हती ती कळशी माझ्या हाताखाली जरा वळली. हॉर्न झाला. धूळ आली. पिंप गेलं.

वर आले तर हे उशीला टेकून बसलेले. अप्पाराव नुसते बघतायत. हे म्हणाले, "भानू, पाणी पुरे झालं बुवा. चहा टाक." चहा! मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. इतका आनंद मला सुयश झाला तेव्हाही झाला नव्हता. आणि आधण ठेवता ठेवता माझ्या घशाला कोरड पडली.

म्हणून सारखी पितेय. बघ, हा तांब्या संपला.

यांना काही आठवत नाही. ऊन लागलं होतं, भास झाले, असं यांनी ठरवलंय, आणि ठरवलं ते बरं झालं. सकाळपासून नकाशा पसरून बसले होते. पावसाळ्यानंतर कोकणात न्यायचीय म्हणे गाडी. तू त्यांना यातलं अक्षर सांगायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे. कळलं तर उतरतील खाली आणि रांगेत घुसतील माझ्यासाठी. रांगेची रीत त्यांना ठाऊक नाही, आणि माझ्यावर जीव आहे त्यांचा, म्हणून तर भीती वाटते.

रक्तदाबाची गोळी या डबीत. सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी. चहात साखर अर्धा चमचा, ते दोन मागतील, ऐकायचं नाही. सुयशचा फोन रविवारी येतो. गाडीची किल्ली मी पिठाच्या डब्यात ठेवलीय, ती अप्पारावांना दे, भंगारात घाला म्हणावं. आणि तुझ्या बादलीला पोचा आला असेल तर माझी घेऊन जा, नवी आहे.

किती वाजले? असू दे, बघू नकोस. ऊन खिडकीच्या गजावरनं खाली उतरलंय, मला कळतं. खाली एकच भांडं आहे आता. इथनं दिसतंय, चकाकतंय बघ कसं.

ऐकलास? हॉर्न.

हात सोड, चारुता. सोड म्हणते ना. दार लावून घे आणि लेकराजवळ जा.

"भानू!" हे बघ, न्हाणीतनं ओरडतायत. "टँकर आला वाटतं! तू हो पुढं, मी आलोच!"

"हो, होते पुढं. तुम्ही सावकाश या हो. काही घाई नाही."